'बॉर्न इन द यूएसए' : ध्रुवपदाच्या गजरात बुडालेली कडवी

१९ सप्टेंबर १९८४. न्यू जर्सी राज्यातील हॅमंटन हे ब्लूबेरीच्या मळ्यांसाठी ओळखले जाणारे लहानसे गाव. निवडणुकीला जेमतेम सात आठवडे उरले होते आणि राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन प्रचारसभेसाठी तेथे आले होते. भाषणाच्या ओघात त्यांनी त्याच मातीतल्या एका गायकाचे नाव घेतले. अमेरिकेचे भवितव्य माणसांच्या मनातील स्वप्नांत आहे आणि तरुणांच्या लाडक्या ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतही आशेचा तोच संदेश आहे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते.

त्या उन्हाळ्यात स्प्रिंगस्टीनचा जो अल्बम देशभर वाजत होता, त्याचे नाव 'बॉर्न इन द यूएसए', म्हणजे 'अमेरिकेत जन्मलेला'. त्याच नावाच्या पहिल्या गाण्याचा नायक व्हिएतनामहून परतलेला सैनिक आहे. गावात भानगड झाली म्हणून त्याच्या हाती बंदूक देऊन त्याला परमुलखात धाडले गेले. परतल्यावर तेल शुद्धीकरण कारखान्यात काम मागायला जातो, तर तेथील माणूस हात वर करतो. माजी सैनिकांच्या सरकारी कार्यालयातही वेगळे काही घडत नाही. भाऊ युद्धात गेला. मागे उरले एक छायाचित्र. दहा वर्षे उलटली, तरी एका बाजूला तुरुंग आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याची धुरांडी, यांच्यामधला रस्ता काही सुटत नाही.

आणि दर कडव्यानंतर तो छाती फुटेस्तोवर ओरडून सांगतो, की आपण याच देशात जन्मलो आहोत.

राष्ट्राध्यक्षांना गाणे कळलेच नाही, असे म्हणून हा प्रसंग चाळीस वर्षे विनोद म्हणून सांगितला जातो. त्यात सहसा एक चूकही असते. रेगन यांनी हे गाणे प्रचारगीत म्हणून वाजवले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात हॅमंटनच्या भाषणात त्यांनी एकाही गाण्याचे नाव घेतले नव्हते, घेतले ते फक्त गायकाचे. पण तपशिलाची चूक बाजूला ठेवली, तरी 'त्यांना कळले नाही' हा निष्कर्ष फार स्वस्त आहे. कारण ज्या लाखो लोकांनी हे गाणे राष्ट्राभिमानाचा जयघोष म्हणून गायले, ते सगळेच बहिरे नव्हते. गाण्यातच असे काही होते, जे तसे ऐकू येत होते. ते तेथे कसे आले, हे समजायचे तर गाण्याच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

स्प्रिंगस्टीनचा जन्म १९४९चा. न्यू जर्सीतल्याच फ्रीहोल्ड या गावात तो वाढला. गावात गालिच्यांची मोठी गिरणी होती. ती १९६०च्या दशकात बंद पडली. वडील डग्लस यांनी त्या गिरणीत काम केले, फोर्डच्या कारखान्यात केले, बस चालवली, तुरुंगात पहारेकरी म्हणूनही राबले. एका नोकरीवर त्यांचे बूड कधी टिकले नाही. रात्री दिवा मालवून स्वयंपाकघरात एकटेच बसून राहायचे. केस वाढवून गिटार वाजवणाऱ्या मुलाशी त्यांचा उभा दावा होता. लष्कर एकदाचे याला उचलून नेईल आणि माणूस करून सोडेल, असे ते त्याला वारंवार ऐकवत.

त्या काळी अमेरिकेत सक्तीची लष्करभरती होती आणि महाविद्यालयात शिकणाऱ्यांना तिच्यातून सूट मिळे. ज्यांच्या घरी शिक्षणाला पैसा होता त्यांना पळवाट होती. ज्यांच्या घरी नव्हता, त्यांना बोलावणे. फ्रीहोल्डसारख्या गावांतून मुले उचलली गेली ती अशी.

स्प्रिंगस्टीन किशोरवयात 'कॅस्टील्स' नावाच्या बँडमध्ये होता. त्या बँडचा पहिला ड्रमवादक बार्ट हेन्स मरीन दलात भरती झाला. व्हिएतनाम नकाशावर कोठे आहे हेही त्या पोरांपैकी कोणाला नीट ठाऊक नव्हते. ऑक्टोबर १९६७मध्ये बार्ट मारला गेला. त्याच परिसरात 'मोटिफ्स' नावाचा एक बँड होता आणि वॉल्टर सिचॉन हा त्याचा गायक. रंगमंचावर कसे उभे राहावे, हे या पोरांनी त्याच्याकडे पाहून शिकून घेतले होते. मार्च १९६८मध्ये वॉल्टर व्हिएतनाममध्ये बेपत्ता झाला. तो परत आला नाही.

पुढे स्प्रिंगस्टीनलाही वैद्यकीय तपासणीचे बोलावणे आले. मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या डोक्याला जबर मार बसला होता, त्याची नोंद होती. शिवाय तपासणीच्या वेळी वेड पांघरून त्याने होईल तेवढा घोळ घातला. त्याला अपात्र ठरवण्यात आले. भीत भीत तो घरी परतला. वडिलांनी विचारले, काय झाले? त्याने सांगितले, की घेतले नाही. ज्यांनी आयुष्यभर लष्कराच्या नावाने धाक घातला, ते वडील एवढेच म्हणाले, की बरे झाले. १९८५च्या दौऱ्यात लॉस एंजेलिसच्या भरगच्च मैदानात स्प्रिंगस्टीनने ही हकिकत सांगितली, तेव्हा हजारोंचा समुदाय क्षणभर निःशब्द झाला होता. ध्वनिमुद्रणात ती शांतता आजही ऐकू येते.

या युद्धात ५८,०००हून अधिक अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी मृतांची संख्या लाखोंच्या घरात जाते. अमेरिकेच्या गाण्यांत तिची नोंद क्वचितच सापडते, आणि या गाण्यालाही तो आक्षेप घेता येतो. परतलेल्यांची कथा वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धातून तुकड्याच्या तुकड्या जहाजांनी एकत्र घरी आल्या होत्या आणि त्यांच्यासाठी रस्त्यांवर मिरवणुका निघाल्या होत्या. व्हिएतनाममध्ये प्रत्येकाची मुदत वेगळी. वर्षभराची पाळी संपली, की विमानात बसून माणूस एकटाच घरी यायचा. काल चिखलात आणि आज आईच्या स्वयंपाकघरात. ज्यांना युद्ध नको होते त्यांना तो नकोसा होता, आणि ज्यांना हवे होते त्यांना तो हरलेल्या लढाईची आठवण करून देत होता.

१९७८मध्ये प्रवासात असताना स्प्रिंगस्टीनने एका दुकानातून रॉन कोविक यांचे आत्मकथन विकत घेतले. कोविक हे व्हिएतनाममध्ये छातीखाली लुळे पडलेले मरीन सैनिक. योगायोग असा, की थोड्याच दिवसांनी लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात चाकांच्या खुर्चीत बसलेले कोविक त्याला स्वतः भेटले. त्यांच्यामार्फत ओळख झाली बॉबी मुलर यांची. तेही मरीन अधिकारी, तेही चाकांच्या खुर्चीत. 'व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका' ही संघटना त्यांनी १९७८मध्ये उभी केली होती. पैशाअभावी ती बंद पडायच्या बेतात होती.

२० ऑगस्ट १९८१ रोजी लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरेनात स्प्रिंगस्टीनने या संघटनेसाठी मदतीचा कार्यक्रम केला. रंगमंचाच्या बाजूला उंच चौथरा बांधून जखमी सैनिकांना तेथे बसवले होते. कोणाचे पाय नव्हते, कोणाचे हात. सुमारे एक लाख डॉलर जमा झाले. ती रात्र नसती तर व्हिएतनामच्या माजी सैनिकांची चळवळच उभी राहिली नसती, असे मुलर यांनी पुढे सांगितले. हा कार्यक्रम लक्षात ठेवायला हवा. कारण तीन वर्षांनी हेच गाणे युद्धखोरीचे निशाण म्हणून मिरवले जाणार होते आणि त्याच्या मुळाशी मात्र ही माणसे होती.

त्याच सुमारास स्प्रिंगस्टीन 'व्हिएतनाम' नावाच्या एका गाण्यावर काम करत होता. विषय परतलेल्या सैनिकाचाच, पण गाण्याला आकार येत नव्हता. तेवढ्यात 'टॅक्सी ड्रायव्हर'चे पटकथालेखक पॉल श्रेडर यांनी त्याला एक पटकथा पाठवली. रॉक बँडमधल्या भावंडांची गोष्ट होती. त्यांना तिच्यासाठी गाणे हवे होते. पटकथेचे बाड टेबलावर पडून राहिले. गिटार घेऊन चाळा करत असताना स्प्रिंगस्टीनची नजर मुखपृष्ठावरील शीर्षकावर गेली आणि ते त्याच्या तोंडून सुरात बाहेर पडले. शीर्षक होते 'बॉर्न इन द यूएसए'. अडलेल्या गाण्याला ध्रुवपद मिळाले ते असे, दुसऱ्याच्या कागदावरून. श्रेडर यांना त्याने याची भरपाई म्हणून नंतर दुसरे गाणे लिहून दिले. १९८७ साली त्यांचा चित्रपट आला तो त्या दुसऱ्या गाण्याच्या नावाने, 'लाइट ऑफ डे'.

आता गाण्याचा पहिला जन्म. स्थळ कोल्ट्स नेक, न्यू जर्सी. भाड्याने घेतलेले घर. काळ डिसेंबर १९८१च्या अखेरीपासून जानेवारी १९८२च्या आरंभापर्यंतचा. स्टुडिओत नवी गाणी चाचपडत बसण्यात फार पैसा जातो, म्हणून स्प्रिंगस्टीनने घरगुती वापराचे एक लहान टेपयंत्र मागवले होते. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज धरणारे. शयनगृहातील खुर्चीत बसून, एक गिटार आणि हार्मोनिका घेऊन, त्याने एकामागून एक गाणी टेप केली. त्यांत 'बॉर्न इन द यूएसए'ही होते.

ही आवृत्ती ऐकली, की अर्थाबद्दल शंकाच उरत नाही. गिटारवर एकच घोळणारी आकृती, पोकळीतून यावा तसा आवाज. ध्रुवपदात गर्जना नाही. रात्री उशिरा एखाद्याने स्वतःशीच पुटपुटावे, तसे ते येते. ही कॅसेट कित्येक आठवडे त्याच्या खिशात वेष्टणाशिवाय फिरत होती. पुढे बँडला घेऊन तीच गाणी स्टुडिओत वाजवून पाहिली, तर बहुतेकांचा जीवच गेला. शेवटी त्या कॅसेटवरचे ध्वनिमुद्रणच जसेच्या तसे 'नेब्रास्का' या नावाने सप्टेंबर १९८२मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या रॉक संगीतात इतके उदास, इतके अनलंकृत काम क्वचितच कोणी केले असेल.

पण 'नेब्रास्का'त 'बॉर्न इन द यूएसए' नव्हते. स्प्रिंगस्टीन आणि त्याचे व्यवस्थापक व सहनिर्माते जॉन लँडाऊ या दोघांनाही त्या शांत रूपात ते गाणे जमलेले वाटले नव्हते.

येथे थोडे थांबायला हवे. ज्या रूपात कोणाचाही गैरसमज झाला नसता, ते रूप खुद्द कर्त्यानेच बाजूला ठेवले. का?

उत्तर न्यूयॉर्कच्या 'पॉवर स्टेशन' स्टुडिओत आहे. वसंत १९८२. बँडमधील बहुतेकांनी हे गाणे पूर्वी ऐकलेलेही नव्हते. स्प्रिंगस्टीनने गिटारवर धून वाजवून दाखवली. रॉय बिटन यांनी ती सहा सुरांची आकृती सिंथेसायझरवर उचलली आणि तिला तुतारीसारखा खणखणीत नाद दिला. ड्रमवादक मॅक्स वाइनबर्ग यांनी तिच्यावर एकेक ठोका असा हाणला, की कोठारात तोफ डागावी. गायक आणि वादक एकाच दालनात, एकाच वेळी. सुरुवातीच्या मोजक्या प्रयत्नांतच गाणे पदरात पडले. शेवटाकडे स्प्रिंगस्टीनने हाताने खूण केली आणि वाइनबर्ग यांनी तालाची सारी चौकट उधळून दिली. त्याच्या पुढचा विस्तार इतका लांबला, की प्रसिद्ध करताना तो कापावा लागला. अल्बमवर जे ऐकू येते, ते चार मिनिटे एकोणचाळीस सेकंदांचे आहे.

संगीताच्या अंगाने या गाण्याची रचना अगदी साधी आहे, आणि सगळी गुंतागुंत त्या साधेपणातच दडली आहे. आरंभापासून अंतापर्यंत दोनच स्वरसंघ. सहा सुरांची तीच आकृती अखंड फिरत राहते. कडव्यांसाठी वेगळे संगीत आणि ध्रुवपदासाठी वेगळे, असा भेदच नाही. भावाचा मृत्यू सांगताना जी तुतारी वाजते, तीच जन्मभूमीचे नाव घेतानाही वाजते. सामान्यतः दुःखाच्या ओळीला संगीतही खाली उतरते आणि ऐकणाऱ्याला वाट दाखवते. येथे ती सोय नाही. शब्द खचत जातात, संगीत तसूभरही मागे हटत नाही. जो शब्द ऐकत नाही, त्याला या गाण्यात विजयाखेरीज काही ऐकूच येणार नाही, आणि मैदानात पन्नास हजार लोक ओरडत असताना शब्द ऐकू येतात ते फक्त ध्रुवपदाचे.

मग हा दोष मानायचा का? स्प्रिंगस्टीनने तसे कधी मानले नाही. कडव्यांत जमाखर्च आहे आणि ध्रुवपदात एक हक्क, जो कोणी काढून घेऊ शकत नाही, अशा आशयाचे स्पष्टीकरण त्याने आपल्या आत्मचरित्रात दिले आहे. ते पटण्याजोगे आहे. कॅसेटवरचा सैनिक हरलेला होता. त्याच्याबद्दल कीव वाटते आणि कीव करून माणूस पुढे निघून जातो. स्टुडिओतला सैनिक हरलेला नाही. ज्या देशाने त्याला वापरून फेकले, त्याच्याच दारात उभा राहून तो ओरडतो आहे, की मी इथलाच आहे, मला टाळता येणार नाही. त्या ओरडण्यात अभिमान आहेच. नसता, तर संतापालाही अर्थ उरला नसता. परक्या घराने हाकलले तर माणूस इतका चिडत नाही.

म्हणूनच जयघोष ऐकणाऱ्यांनी शून्यातून काही ऐकले नाही. त्यांनी अर्धे ऐकले.

गाण्यातील इतिहासाबद्दलही एक गोष्ट नोंदवायला हवी. भाऊ मेला ते ठिकाण म्हणून गाण्यात खे सानचे नाव येते. दक्षिण व्हिएतनामच्या उत्तर टोकाला असलेला हा अमेरिकी तळ २१ जानेवारी १९६८पासून वेढ्यात सापडला. सुमारे ६,००० मरीन सैनिक तेथे अडकले होते आणि वेढा ७७ दिवस चालला. गाण्यात शत्रू म्हणून व्हिएतकाँग या गनिमांचा उल्लेख आहे; वास्तवात तेथे प्रामुख्याने उत्तर व्हिएतनामचे खडे सैन्य लढत होते, ही चूक इतिहासप्रेमींनी पुष्कळदा दाखवली आहे. ठिकाणाची निवड मात्र बिनचूक होती. कारण एवढे रक्त सांडून राखलेला तो तळ अमेरिकी सेनेने त्याच वर्षी जुलैपर्यंत स्वतःच मोडून टाकला आणि सोडून दिला. ज्या जागेसाठी माणसे मेली ती जागाच नको ठरली. शत्रू तेथेच राहिला आणि भाऊ गेला, हे सांगायला गाण्याला एक ओळ पुरते.

ध्वनिमुद्रण तयार होऊन दोन वर्षे पडून होते. अल्बम ४ जून १९८४ रोजी बाजारात आला, आणि तोवर देशाची हवा बदलली होती. १९८२च्या अखेरीस बेकारीचे प्रमाण १०.८ टक्क्यांवर गेले होते. ते आता उतरत होते. लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिक भरले, सोव्हिएत गटाने बहिष्कार टाकल्यामुळे अमेरिकेने पदकांची लयलूट केली आणि प्रेक्षागृहांत 'यूएसए, यूएसए'चा गजर दुमदुमला. देशात नवी पहाट झाली आहे, असे रेगन यांच्या प्रचाराच्या जाहिराती सांगत होत्या. पोलादाच्या भट्ट्या विझलेल्या गावांत ती पहाट पोहोचली नव्हती, पण त्यांच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर लागत नसत.

अशा वेळी दुकानात एक अल्बम येतो. मुखपृष्ठावर ॲनी लिबोविट्झ यांनी टिपलेले छायाचित्र : मागे ध्वजाचे लाल-पांढरे पट्टे, पुढे पाठमोरा उभा माणूस, निळी जीन्स, खिशात खोचलेली लाल टोपी. त्यात स्प्रिंगस्टीनने व्यायाम करून शरीर कमावलेले. हाडकुळ्या, दाढी वाढलेल्या पोराच्या जागी दंडाचे स्नायू फुगवलेला, डोक्याला पट्टी बांधलेला गडी. एवढे सगळे जुळून आल्यावर कडवी वाचायचे कष्ट कोण घेणार? विपणनाचा भाग असो वा नसो, स्वतःच्या गैरसमजाला त्याने पुरेसे सरपण पुरवले होते, हे मान्य करायला हवे.

ऑगस्टच्या अखेरीस वॉशिंग्टनजवळच्या एका कार्यक्रमाला जॉर्ज विल आले. विल हे उजव्या विचारांचे नामवंत स्तंभलेखक आणि रेगन यांच्या वर्तुळातले. गळ्यात बो-टाय, आणि मोठा आवाज सोसवेना म्हणून कानांत कापसाचे बोळे. १३ सप्टेंबरला त्यांचा लेख आला. स्प्रिंगस्टीनची राजकीय मते आपल्याला ठाऊक नाहीत, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. या माणसाच्या गाण्यांत बंद कारखाने आहेत, अडचणी आहेत, हेही त्यांनी नोंदवले. पण या साऱ्या रडगाण्याला ते ध्रुवपद आनंदाने छेद देते, असे त्यांना वाटले. देशातील मालक आणि मजूर जर या बँडइतक्या हिरिरीने काम करतील, तर परदेशी मालापासून संरक्षण मागण्याची वेळ येणार नाही, असा धडाही त्यांनी काढला.

म्हणजे कडवी त्यांनाही ऐकू आली होती. कापसाचे बोळे तितकेसे घट्ट नव्हते. त्यांनी ऐकले आणि ध्रुवपदाला कौल दिला. सहा दिवसांनी हॅमंटनच्या भाषणात स्प्रिंगस्टीनचे नाव आले.

राष्ट्राध्यक्षांना या गायकाचे कोणते गाणे आवडते, असे पत्रकारांनी विचारले. उत्तर यायला वेळ लागला, आणि ते आले सहायकांकडून : 'बॉर्न टू रन'. रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांना आठवडाभराची बेगमी झाली.

स्प्रिंगस्टीन तेव्हा दौऱ्यावर होता. २१ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये, बंद पडत चाललेल्या पोलाद कारखान्यांच्या शहरात, तो रंगमंचावर आला आणि म्हणाला, की राष्ट्राध्यक्षांनी परवा माझे नाव घेतले; त्यांचा आवडता अल्बम कोणता असेल याचा मी विचार करतो आहे. 'नेब्रास्का' तर नसावा. मग त्याने त्याच अल्बममधले 'जॉनी ९९' सुरू केले. मोटारीचा कारखाना बंद पडल्याने नोकरी गेलेल्या आणि दारूच्या नशेत खून करून बसलेल्या माणसाचे ते गाणे आहे. त्याच मुक्कामात पोलाद कामगारांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेने बेकारांसाठी चालवलेल्या अन्नपेढीला त्याने १०,००० डॉलर दिले. पुढे दौऱ्यात गावोगावी अशा संस्थांना देणग्या देण्याचा त्याने परिपाठच ठेवला. भाषणाला भाषणाने उत्तर देण्यापेक्षा हे बरे होते.

दुसरी बाजूही धुतल्या तांदळाची नव्हती. डेमोक्रॅटिक उमेदवार वॉल्टर माँडेल यांनी लगेच स्प्रिंगस्टीनचा पाठिंबा आपल्याला असल्याचे सांगून टाकले. तसा पाठिंबा त्याने दिलाच नव्हता. माँडेल यांच्या प्रचारयंत्रणेला ते विधान मागे घ्यावे लागले. नोव्हेंबरमध्ये रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली.

जाहिरातदारही रांगेत होतेच. क्रायस्लर या मोटार कंपनीचे प्रमुख ली आयकोका यांनी या गाण्यासाठी काही दशलक्ष डॉलर देऊ केले होते. आकडा एक कोटी वीस लाखांचा सांगितला जातो. नकार मिळाल्यावर कंपनीने त्याच धाटणीचे दुसरे गाणे करून घेतले. अल्बमच्या अमेरिकेतच दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि त्यातील सात गाणी लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत आली. शीर्षकगीत त्यांपैकी एक. ते नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

१९ जुलै १९८८ रोजी या गाण्याने आणखी एक वळण घेतले. पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट युवक संघटनेने स्प्रिंगस्टीनला पूर्व बर्लिनमध्ये बोलावले. कामगारांचा गायक, भांडवलशाहीचा टीकाकार, म्हणून तो त्यांना चालणार होता. कडव्यांचा अर्थ त्यांना नेमका कळला होता, असे म्हणावे लागेल! वाइसेनझे भागातल्या मैदानावर दीड लाखाहून अधिक लोक जमले, आणि गाणे सुरू होताच त्या गर्दीतून घरी शिवलेले अमेरिकी ध्वज वर आले. अमेरिकेत कधीही पाऊल न ठेवलेली, भिंतीआड वाढलेली हजारो पोरे तालात ओरडत होती, की आपण अमेरिकेत जन्मलो आहोत. सरकारने कडव्यांसाठी बोलावले होते, लोक ध्रुवपदासाठी आले होते. त्या रात्री स्प्रिंगस्टीनने तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये एक लहानसे निवेदन वाचले, की आपण कोणत्याही सरकारच्या बाजूने वा विरोधात आलेलो नाही, आणि एक दिवस सारे अडसर कोसळतील अशी आशा आहे. सोळा महिन्यांनी भिंत पडली. गाण्यामुळे पडली असे म्हणणे पोरकटपणाचे ठरेल.

१९९५पासून एकट्याने केलेल्या दौऱ्यात त्याने हे गाणे पुन्हा गिटारवर, बँडशिवाय गायला सुरुवात केली. तुतारी गेली, ड्रम गेले. कित्येकदा ध्रुवपद ओळखीच्या चालीत येतच नसे. प्रेक्षकांना ओरडायला जागाच ठेवलेली नसे. १९९८मध्ये कोल्ट्स नेकची मूळ कॅसेटही प्रसिद्ध झाली, आणि 'आता खरा अर्थ कळला' असे पुष्कळांनी लिहिले. तो खरा की स्टुडिओतला खरा, हा वाद चाहत्यांत अजून चालू आहे. शांत रूपात अर्थ सुरक्षित आहे, यात वाद नाही. पण ज्या गाण्याने दीड कोटी घरांत व्हिएतनामच्या सैनिकाला नेऊन बसवले, ते शांत नव्हते. त्या घरांतल्या कोणी ना कोणी, कधी ना कधी, अल्बमच्या पाकिटातला कागद काढून कडवी वाचली असतीलच. बॉबी मुलर यांच्या संघटनेला १९८१च्या त्या रात्री पैसे कमी आणि दखल जास्त हवी होती. आणि दखल कुजबुजून मिळत नसते.

ऑक्टोबर २०१७ ते डिसेंबर २०१८ या काळात न्यूयॉर्कच्या वॉल्टर कर नाट्यगृहात स्प्रिंगस्टीनचा एकपात्री प्रयोग चालला. त्यात तो या गाण्यापूर्वी बार्ट हेन्स आणि वॉल्टर सिचॉन यांची नावे घेई. मग ती वैद्यकीय तपासणी, ते सुटणे. आपल्या जागी कोण गेले असेल, असा विचार आपल्या मनात कधी कधी येतो, असे तो सांगे. कारण कोणीतरी गेलेच. त्यानंतर बारा तारांची गिटार हाती घेऊन तो कडवी जवळपास सुराशिवायच म्हणत असे, आणि प्रेक्षागृहातले हजारभर लोक, ज्यांना ध्रुवपद तोंडपाठ होते, गप्प बसून ऐकत असत.